जाताना समुद्र डावीकडे

पैज मीच लावली. मुलीचं चाललं असतं तर तिने मला मस्कतमधल्या दार्सैतच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून कृष्णाच्या देवळापर्यंतसुद्धा एकटीला सोडलं नसतं. सोबत नात द्यायची. नात दहा वर्षांची. रस्ता ओलांडताना ती माझा हात घट्ट धरायची आणि मी तिला सांगायची, अगं, तुझ्या आईला मी असाच हात धरून शाळेत नेलंय. ती म्हणायची, "आय नो आजी, यू टोल्ड मी." सांगितलं असेल. आज्या एकच गोष्ट दोनदा सांगतात, ते काही आजचं नाही.

मुद्दा हा होता की मला रेवदंड्याला परत जायचं होतं. माझ्या घरी, माझ्या नारळी-पोफळीत. मुलगी मला "दोन महिने राहायला चल" म्हणून मस्कतला घेऊन आली होती, आणि दोन महिने संपत आले तसं तिचं बोलणं बदलायला लागलं. घर भाड्याने देऊ. नाहीतर चांगलं गिऱ्हाईक बघू. तू आता तिथे एकटीने राहायचं नाहीस. माझ्यासमोर ती "बघू आपण" म्हणायची, पण आठवड्याच्या सुट्टीला जावई सोहारच्या कारखान्यातून घरी आले की दोघांची माझा व्हिसा वाढवण्याची कुजबुज चालायची. इथल्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान शाबूत आहेत.

आता तिच्या घाबरण्याला कारण नव्हतं असं नाही. ते सांगूनच टाकते.

माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. त्यांची तिथी कार्तिक शुद्ध सप्तमी. यंदा सप्तमी आली म्हणून मी पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. आमच्या गुरुजींना आदल्या दिवशी फोन करून, उद्या या एवढंच सांगून ठेवलं होतं. ते आले, ओटीवर पाय धुतले, आत डोकावले आणि तिथेच थबकले. म्हणाले, "काकू, श्राद्ध आपण मागच्या पंधरवड्यात केलं की."

मी एका क्षणात सावरून घेतलं. म्हटलं, पंधरवडा चुकला हो गुरुजी, सप्तमी काय, महिन्यातून दोनदा येते, शुद्धातली केली ते विसरून वद्यातली धरली. ते बरं म्हणाले, मुकाट्याने दोन वडे खाऊन गेले आणि जाताना शेजारच्या वहिनींच्या कानावर घालून गेले. वहिनींनी त्याच दुपारी मस्कतला फोन लावला. एरवी या बाईला साधं दूधवाल्याचं नाव सांगायला अर्धा तास लागतो.

मुलीलाही मी पंधरवड्याचंच सांगितलं. पण खरं काय ते मला ठाऊक होतं. पंधरवडा चुकला नव्हता. आधीच्या सप्तमीला मी श्राद्ध केलं, गुरुजी जेवले, मी दक्षिणा दिली, यातलं काहीही मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तिथे नुसती कोरी जागा आहे. मला त्याची इतकी भीती वाटली की मी ते कुणाला बोलले नाही.

म्हणून पैज. ती लेकीला दाखवायला होती, तशी मला स्वतःलाही बघायची होती.

मी तिला म्हटलं, "एक दिवस मला मोकळी सोड. इथून चालत मत्र्याला जाते, तिथून समुद्राच्या कडेने जुन्या मस्कतला. तिथले दोन्ही किल्ले बघते आणि मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, बांगेआधी घरी येते. आले, तर माझं तिकीट काढायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही आलीस तर?"

"तर तू म्हणशील तसं."

जावई म्हणाले, आई, मी गाडीने लांबून मागे राहतो. मी म्हटलं, मग तुम्हीच जा किल्ले बघायला. नातीने तेवढ्यात नियम करून टाकला की टॅक्सी इज चीटिंग. बसला परवानगी मिळाली, तीही परतीच्या, माझ्या गुडघ्यांचा विचार करून. मुलीने माझ्या पर्समध्ये घरचा पत्ता इंग्रजी आणि अरबीत लिहून ठेवलेला मला नंतर सापडला. अंगाचा तिळपापड झाला, पण चिठ्ठी फेकली नाही.

शुक्रवारी सकाळी निघाले. फेब्रुवारीतली हवा, गार आणि स्वच्छ. शुक्रवारी सकाळी दार्सैत उशिरापर्यंत लोळत असतं. लाँड्र्या बंद, सलूनं बंद, फक्त केरळी हॉटेलातून परोठ्याचा वास आणि देवळाकडे निघालेल्या धुतलेल्या केसांच्या बायका. मी खाली उतरले आणि वर बघितलं नाही. गॅलरीत कोण उभं असणार ते न बघताच माहीत होतं.

रस्त्याचं मी एक सोपं गणित बांधलं होतं. मत्र्याच्या कॉर्निशला, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याला, लागलं की जाताना समुद्र डावीकडे आणि येताना समुद्र उजवीकडे. दुसरं काही लक्षात ठेवायचंच नाही. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला आहे मी. भाराभर पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट धरून ठेवावी, हे मला कुणी सांगायला नको.

मासळीबाजारात शिरले, कारण कोकणातल्या बाईला मासळीबाजार टाळून पुढे जाता येत नाही. सुरमई होती, हाताएवढे बांगडे होते, आणि सगळं इतकं चकाचक की बाजार आहे की दवाखाना असं वाटावं. मासे कापून देणारा एक बांगलादेशी माणूस माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "अम्मा, अकेली?" मी म्हटलं, नाही, मागून फौज येतेय. त्याने खरंच मागे वळून बघितलं.

ही दिवसातली पहिली 'अकेली'.

दुसरी कॉर्निशवर भेटली. खाडीत जुन्या धाटणीची गलबतं उभी होती, वर कड्यावर मत्र्याचा किल्ला. समोरचा बाजार शुक्रवारची सकाळ म्हणून बंद होता. मी मनात म्हटलं, येताना उघडेल, तेव्हा देवाला लोबान आणि नातीला काहीतरी घेऊ. बाकावर एक म्हातारे ओमानी गृहस्थ बसले होते, पांढरा स्वच्छ पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी. तरुणपणी मुंबईत ये-जा होती म्हणाले, हिंदी माझ्यापेक्षा बरं. थर्मासमधला काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केले. नाही म्हणता येत नाही इथे, आणि मला म्हणायचंही नव्हतं. मग त्यांनीही विचारलंच, अकेले घूम रही हैं? मुलं कुठे आहेत? आमच्यात आईला असं एकटं हिंडू दिलं तर मुलांना तोंड दाखवायला जागा उरत नाही.

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, मुलगी आहे, ती सोडत नाही म्हणून तर पळून आलेय. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "खुशनसीब हैं आप." आणि आणखी एक खजूर दिला. मला त्यांचा राग आला. खजूर मात्र उत्तम होता.

तिथून उठले तेव्हा मला लिस्बनची आठवण झाली. निवृत्तीनंतर यजमानांनी आणि मी युरोपची टूर केली होती, तीच ती, दहा दिवसांत निम्मा नकाशा. लिस्बनला सगळ्यांना कुठल्याशा मॉलमध्ये नेणार होते. मी म्हटलं, ज्यांनी माझ्या गावाला तटबंदी घातली त्यांचं गाव बघायला मी आलेय, मॉल बघायला नाही. यजमानांचे पाय सुजले होते, ते हॉटेलात झोपले आणि मी कागदी नकाशा घेऊन एकटी निघाले. दिवसभर चढ चढले, उतार उतरले, निळ्या फरशांच्या भिंती बघितल्या, एका चर्चच्या पायरीवर बसून डब्यातला लाडू खाल्ला. एकदाही कुणाला रस्ता विचारला नाही. संध्याकाळी परत आले तर टूरवाला फोनाफोनी करत होता आणि आमचे हे खोलीत पलंगावर बसून चहाची वाट बघत होते. खोलीत किटली होती, पण ती सुरू करायची कशी हे यांना कळलं नव्हतं. म्हणाले, "आलीस? टाक चहा. मी त्या पोराला सांगत होतो, ती कुठे हरवत नाही."

रियामच्या बागेत सावली बघून थालीपीठ खाल्लं. दुपारच्या नमाजाची वेळ, रस्ते ओस. पुढचा रस्ता डोंगराच्या कुशीतून जुन्या मस्कतकडे जातो. तिथे एक टॅक्सीवाला हळू हळू माझ्या बरोबरीने गाडी चालवत राहिला. हॉर्न. मी मान हलवली. पुन्हा हॉर्न. काच खाली करून म्हणाला, ऊन आहे, एकटी बाई, गाडीत बस, पैसे नको देऊस. भला माणूस असणार. पण मला त्या वेळी भलेपणा नको होता. मी त्याला ठासून "खलास", म्हणजे पुरे, म्हटलं, तसा तो हसत गेला. गुडघे मात्र त्याच्या मागे मागे बघत राहिले.

जुनं मस्कत म्हणजे काय सांगू. रस्ते धुतल्यासारखे, माणूस नाही. मधे सुलतानाचा निळ्या-सोनेरी खांबांचा राजवाडा आणि त्याच्या मागे, पाण्याच्या दोन बाजूंना, दोन खडकांवर दोन किल्ले. मिरानी आणि जलाली. आत सोडत नाहीत, नुसतं बघायचं. आसपासच्या खडकांवर जुन्या जहाजांच्या खलाशांनी आपापल्या जहाजांची नावं रंगवून ठेवली आहेत. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. तोच दगडी चढाव, तेच गोल बुरूज, तोफांसाठी सोडलेली तीच भोकं. माझ्या न्हाणीच्या खिडकीतून दिसतात ती. लिस्बनहून निघालेली माणसं इथे थांबली आणि मग माझ्या गावी आली. तिन्ही गावं मी पायी बघितली, असं किती जण म्हणू शकतील?

आणि तिथेच ते झालं. मनात म्हणत होते, आमच्या किल्ल्यातला तो उंच मनोरा इथल्यापेक्षा... आणि मनोऱ्याचं नाव येईना.

आमच्या रेवदंड्याच्या कोटात एक उंच मनोरा आहे. दरवर्षी पाचवीच्या मुलांना मी त्याच्या पायथ्याशी नेऊन उभं करायची. त्याला गावात एक नाव आहे, पोराटोरांना माहीत असलेलं. मला तो मनोरा दिसत होता, त्याच्या वरच्या खिडकीत वाढलेलं पिंपळाचं रोपटं दिसत होतं, नाव मात्र नाही. मी आजूबाजूची नावं घेऊन बघितली. बंदर, दरवाजा, चर्च, तोफा. सगळी आली. हे नाही. बाजूला एक युरोपियन जोडपं फोटो काढत होतं, त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. बटण दाबतानाही मी मनात नावंच घेत होते. त्यांचा फोटो नक्की हललेला असणार.

बस पकडून घरी जावं असं वाटलं. पण अजून ऊन होतं आणि लवकर जाऊन काय सांगणार? घाबरले म्हणून आले? राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, शंकराचं जुनं देऊळ आहे. तिकडे वळले. दुपारचं दार नुकतंच उघडत होतं. सुट्टीचा दिवस, म्हणून लांबलांबून माणसं आली होती. मी चपला काढायला वाकले आणि डावी चप्पल हातात असतानाच नाव आलं. सातखणी. सातखणी! मी मोठ्याने म्हटलं असेल, कारण शेजारच्या बाईने चमकून बघितलं. जीव भांड्यात पडला माझा. आत जाऊन शंकराला हात जोडले आणि बजावलं की पुन्हा अशी थट्टा करायची नाही.

दर्शन घेऊन ओट्यावर बसले तर एक बाई द्रोणात प्रसादाचा शिरा वाटत होती. मला नमस्कार करताना बघून तिने ओळखलंच की मी मराठी. ती कुडाळकडची. नवरा सोहारला वसाहतीत वेल्डर, तिकडची चार कुटुंबं गाडी करून आली होती. आज सासऱ्यांची तिथी, अष्टमी, म्हणाली. मी म्हटलं, आज? माझ्या हिशेबाने अष्टमी होऊन गेली होती. मला पुन्हा धाकधूक, की हेही माझंच चुकतंय. ती हसली. तिथी मंगळवारी झाली, पण मंगळवारी अर्बाब, म्हणजे मालक, सुट्टी देतोय होय? "आमच्यो सगळ्यो तिथी हंय शुक्रवारीच येतत."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इथे संक्रांत शुक्रवारी, सत्यनारायण शुक्रवारी, गेलेली माणसंसुद्धा शुक्रवारची वाट बघत थांबतात, आणि कुणी कुणाला वेडं ठरवत नाही. मी एक श्राद्ध दोनदा घातलं तर केवढा गहजब. मनातल्या मनात मी लेकीला हे सगळं सुनावत होते. शिरा खाल्ला. सातखणी आठवली होती, किल्ले बघून झाले होते, पैज जिंकल्यात जमा होती. बऱ्याच दिवसांनी मी खुशीत होते.

तेवढ्यात त्या बाईने विचारलं, "आणि तुम्ही एकट्याच? तुमचे यजमान नाही आले?"

दिवसभर मी या प्रश्नाला उलटी उत्तरं दिली होती. या वेळी माझ्या तोंडून सरळ उत्तर गेलं. म्हटलं, "ते घरी आहेत. चहाची वेळ झाली, वाट बघत असतील."

"मगे बेगीन जावा," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी प्रसादाचा एक द्रोण बांधून माझ्या हातात दिला.

हे बोलताना मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. जीभ अडखळली नाही, मनात कुठे खटकलं नाही. मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. बसच्या थांब्यावर दोन मिनिटं उभी राहिले. शुक्रवार, बस लवकर यायचं नाव नाही. थांबायला सवड कुणाला होती? चालायला लागले. समुद्र उजवीकडे. सकाळी ज्या चढावर दोनदा थांबले होते तो एका दमात चढले. रियाम मागे पडलं. मत्र्याचा बाजार उघडला होता, दिवे लागले होते, लोबानाचा धूर रस्त्यापर्यंत येत होता. मी आत डोकावलेसुद्धा नाही. डोक्यात एकच, की यांना किटली सुरू करता येत नाही आणि उपाशीपोटी चिडचिड करतील. द्रोण कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता. पायांत कुठून बळ आलं होतं देव जाणे.

दार्सैतचा तोच चौक, तीच लाँड्री, तोच जिना. कुठेही चुकले नाही. दार उघडंच होतं. नात "आजी!" करून ओरडली आणि मी तिला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात गेले, द्रोण ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. साखर घातली, आलं किसलं. मग कपांसाठी डावीकडे हात वर केला.

डावीकडे फळी नव्हती. तिथे मायक्रोवेव्ह होता. फळी रेवदंड्याच्या घरी आहे, डावीकडे, त्यावर त्यांचा मोठा पितळी कडीचा कप असतो.

मी हात तसाच वर ठेवून उभी राहिले. सगळं एकदम परत आलं. चार वर्षं. दवाखाना. किल्ल्यामागची स्मशानाची वाट. पाणी उकळत होतं आणि बाहेर मशिदीतून मगरिबची बांग सुरू झाली.

"आजी विन झाली!" नात बाहेर नाचत होती. "मम्मा, आजी आधी आली! अजानच्या आधी आली!"

जावयांनी हात जोडले, म्हणाले, आई, मानलं तुम्हाला. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाली, "तू वेळेवर येऊ नयेस असं मला दिवसभर वाटत होतं. आणि आली नाहीस तर काय करू, म्हणून दिवसभर रडत होते. अशी मुलगी असते का कुठे?"

मग तिने फोन उघडला. शब्दाची पक्की आहे, ते माझ्याकडूनच आलंय. मुंबईचं विमान शोधत म्हणाली, "कोणत्या दिवसाचं काढू?"

मला नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं. कुणी काही बघितलं नव्हतं. कुडाळची ती बाई आता सोहारच्या रस्त्याला लागली असेल. एक तारीख सांगायची की चार दिवसांत मी माझ्या ओटीवर. माझं घर, माझी विहीर. मी ओट्याला धरून उभी होते. मनात आलं, घरी गेले आणि एक दिवस असंच आधण टाकून वाट बघत बसले, तर तिथे मला मायक्रोवेव्ह आडवा येणार नाही. तिथे फळी आहे. कपही आहे.

"थांब," मी म्हटलं. "मी पैज जिंकलेली नाही."

"म्हणजे?"

"मी वेळेवर आले ती तुझ्या बाबांना चहा द्यायला. देवळापासून धावत आलेय. हा प्रसाद त्यांच्यासाठी आणलाय. आत्ता, इथे उभी राहिले तेव्हा कळलं मला."

तिने फोन खाली ठेवला. मी म्हटलं, आता ऐकतेच आहेस तर पुढचंही ऐक, आणि श्राद्धाचं खरं काय ते सांगितलं. पंधरवडा चुकला नव्हता हे. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने गॅस बारीक केला, माझा ओट्याला धरलेला हात हातात घेतला आणि चोळत बसली. चोळता चोळता म्हणाली, रविवारी डॉक्टरची वेळ घेते, आणि मी हो म्हटलं. इतके दिवस तिने डॉक्टरचं नाव काढलं की मी तिच्याशी भांडत होते.

"पण तिकीट काढ," मी म्हटलं. "दोघींचं काढ, जायचं आणि यायचं. घर बंद करायचंच असेल तर माझ्या हातांनी करीन. मला आठवतंय तोवर."

"काढते," ती म्हणाली.

चहा उकळून उकळून काळा झाला होता. जावयांना दिला, मी घेतला, नातीने बशीतून दोन घोट घेतले. पातेल्यात एक कप उरला. आधणच मी त्या हिशेबाने टाकलं होतं. माझी मुलगी दुपारनंतर चहाला शिवत नाही, रात्रभर झोप येत नाही म्हणते. तिने तो गाळला, माझ्याशेजारी खाली बसली आणि प्रसादाच्या शिऱ्याबरोबर सगळा प्यायली.